फाटकावरची झोप

आमच्या लोणावळ्यात कोणत्याही गोष्टीचं श्रेय हवेला देण्याची पद्धत आहे. भूक लागली, हवा. सांधे धरले, हवा. त्यामुळे मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मला दिवसाढवळ्या, पेपर हातात धरून झोप लागू लागली तेव्हा मी दुसरं कारण शोधलं नाही. लोक पैसे मोजून इथं झोपायला येतात, मला ती घरबसल्या फुकट मिळत होती. पाठ टेकली की झोप, हे स्वच्छ मनाचं लक्षण म्हणून मी पाहुण्यांना ऐकवत असे. बायको तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जाई.

टाकवे बुद्रुकच्या शाळेत बक्षीस समारंभाला मी प्रमुख पाहुणा होतो. अध्यक्षांनी प्रास्ताविक म्हणून स्वतःचं आत्मचरित्र सुरू केलं आणि मी शालीसकट झोपलो. जागा झालो तो टाळ्यांनी. अध्यक्ष माझ्याकडे हात करून मुलांना सांगत होते, "बघा, सर कसे चिंतनात गेलेत." मी गंभीरपणे मान हलवली. घरी हा किस्सा मी अध्यक्षांवर हसायला म्हणून सांगत राहिलो.

नातीला स्कूटरवरून शाळेत सोडणं एवढंच काम माझ्याकडे उरलं होतं, आणि घरातली माझी पतही बहुधा तेवढ्यावरच टिकून होती. शाळा रुळांच्या पलीकडे. एका सकाळी मालगाडीसाठी फाटक बंद होतं. मी स्कूटर बंद केली, दोन्ही पाय टेकले. पुढचं मला नातीकडून कळलं. गाडी गेली, फाटक उघडलं, मागून हॉर्न वाजू लागले आणि आमची स्कूटर हळूहळू एका अंगाला कलू लागली. शेजारच्या रिक्षावाल्यानं खाली उडी मारून ती धरली, तेव्हा माझे डोळे उघडले.

"आबा, पोरगी हाय मागं," तो म्हणाला. "झोपायचं तर घरी झोपा की."

चिंतनात होतो, हे अगदी ओठांवर आलं होतं.

संध्याकाळी सुनेनं स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढून घेतली. "बाबा, उद्यापासून ती रिक्षानं जाईल."

"अगं, इथली हवाच अशी आहे."

"मीही त्याच हवेत राहते, बाबा."

किल्ली परत मिळवायची म्हणून मी बायकोला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तब्येतीसाठी नव्हे. त्यांनी विचारलं, "घोरता?"

"थोडंफार," मी म्हणालो.

"घोरतात तोवर बरं असतं," बायको म्हणाली. "मधेच आवाज थांबतो, श्वासही थांबतो. मग मी उठून बसते. परत सुरू झाले की आडवी होते."

"कधीपासून हे?"

"आता काय सांगू. सवय झाली."

मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होती.

तपासणीत कळलं ते असं: झोपेत माझा घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून मला अर्धवट जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. म्हणजे इतकी वर्षं मी फक्त अंथरुणात हजर होतो. गोळ्यांना न जुमानणाऱ्या माझ्या रक्तदाबाला यानंच खतपाणी घातलं असावं, आणि असंच चालू राहिलं तर पाळी हृदयाची. साऱ्या जगावर शंका घेणाऱ्या मला आपल्या झोपेची शंका कधी आली नव्हती.

आता मी हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा मास्क नाकावर बांधून झोपतो. त्याची नळी पाहून नात मला हत्ती म्हणते. सुरुवातीला वाटायचं, या सोंगापेक्षा मेलेलं बरं. पण मग एका सकाळी मला आधी जाग आली. बायको शेजारी गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. चहा मीच केला.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावरही सुनेनं बरेच दिवस मला पेपर वाचताना न्याहाळलं. मग किल्ली खुंटीवर आली. पहिल्याच दिवशी फाटक बंद. नात मागून वाकून आरशात माझे डोळे तपासत राहिली. मी पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत सबंध मालगाडी पाहिली. ती इतकी कंटाळवाणी असते, याची मला कल्पनाच नव्हती.