चिंचेनं घासलेली तार

१९५६ साल. मी चोवीस वर्षांचा. ही गोष्ट मी बायकोजवळही काढली नाही, ती वारली तोवर नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — आणि सांगतानाही मान ताठच आहे माझी. काय करू, खोडच तशी.

चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. वर्ध्यात दातांच्या एका डॉक्टरांकडे कामाला होतो. कवळ्या घासायच्या, वाकड्या दातांवर बसवायच्या तारा वाकवून द्यायच्या. याचा हात चांगला आहे, असं डॉक्टर चारचौघांत म्हणत. मी फुगायचो — खोटं कशाला बोलू?

तारेचं जरा ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवी तार दाबून सोडली की झटकन जागेवर येते. नख फिरवलं तर सरकत जातं. तीच काही महिने तोंडात राहिली की मरते. लाळ, आंबट-खारट, रोजचं चावणं, वरून आपल्याकडची राखुंडी — बारीक खड्डे पडतात, नख अडकतं. वाकवली की वाकलेलीच राहते, आणि कधी तुटेल याचा नेम नाही. हे सारं मला माहीत होतं. माहीत नसतं तर ओझं कशाचं होतं?

एका गुरुजींची पोरगी यायची. कुसुम. चौदाएक वर्षांची. समोरचे दात पुढे, म्हणून हसताना हात तोंडावर. गुरुजींना भाऊबंद चिडवत, "काऊन गुरुजी, पोरीले लगाम लावून राह्यले का?" तरी ते तिला घेऊन येत. दात मागे सरकू लागले होते. आता तार बदलायची होती.

ती नवी तार मी बिघडवली. थांब, मी दाखवतो, असं डॉक्टर म्हणाले होते. मले जमते, म्हटलं मी. भलत्या जागी वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली — गेली. दुसरी नागपूरहून मागवावी लागली असती. साहेब, चुकलं — एवढंच म्हणायचं होतं ना? नाही निघालं तोंडातून.

लोकांच्या तोंडातून काढलेल्या तारा एका डब्यात पडून असत. त्यातली एक घेतली. घरी पितळेची भांडी घासतात तशी चिंच-राखेनं घासली, उकळली. लख्ख झाली. डॉक्टरांनी खिडकीशी धरून पाहिली, "वा!" म्हणाले, आणि कुसुमच्या दातांवर चढवली. नख फिरवून त्यांनी पाहिलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

महिनाही झाला नसेल. तार तुटली, टोक गालात घुसलं. गाल टम्म सुजलेला, पू झालेला. गुरुजी तिला घेऊन आले. नवी तार अशी तुटत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले — खरंच बघत होते, की मलाच वाटलं?

मी म्हणालो, "सुपारी फोडत असन पोट्टी दातानं."

"नाई जी. मी नाई खाल्ली," कुसुम म्हणाली. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते.

गुरुजींनी तिथंच तिच्या दुसऱ्या गालावर चापट मारली. "खोटं बोलून राह्यली वरून! डॉक्टरसाहेब, काढून टाका सारं."

मी उभा होतो. हात पुसत.

डॉक्टरांनी जखम धुतली, तुटका तुकडा बशीत ठेवला. "उद्या उन्हात भिंगाखाली पाहतो," ते गुरुजींना म्हणाले. "तारेतच खोट असली तर मी नवी बसवून देतो. नसली तर मग तुम्ही म्हणता तसं."

भिंगाखाली काय दिसणार, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या आधी मी दवाखाना उघडायला गेलो. पायरीवर कुसुम बसलेली, गालावर पट्टी. शेजारी तिची आई.

"भाऊ, डॉक्टर कधी येतीन जी?" आईनं विचारलं. "रडून रडून बेजार झाली पोरगी. म्हणते, माह्यावर भरोसा नाई तं त्या तारेलेच पाहा म्हणा."

"येतीलच," मी म्हणालो. "बसा."

आत गेलो. बशी उचलली. मोरीत उपडी केली, आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.