ऑइल पेंटचा म्हसोबा

विंझरजवळ आमच्या शेताच्या बांधावर एक म्हसोबा आहे. म्हणजे गुडघाभर उंचीचा दगडच, पण शेंदराचे थर चढून चढून इतका गुटगुटीत झालाय, की मूळ दगड केवढा होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दर अमावास्येला त्याला तेलात खललेला शेंदूर लावायचा, हे काम वडील होते तोवर त्यांचं होतं. ते गेल्यावर माझ्याकडे आलं. मी पडलो भोरचा नोकरदार. वर्षभरात जेमतेम दोनदा लावला असेल.

शेंदराशी माझं तसं जुनंच वाकडं. घरातून कुणी मोठ्या कामाला निघालं, की आई त्याला आधी म्हसोबाकडे नेते, देवाच्या अंगावर बोट टेकवते आणि बोटाला आलेला शेंदूर त्याच्या कपाळाला लावते. दहावीची परीक्षा, नोकरीची मुलाखत, मुलगी बघायला जाणं, सगळीकडे मी टिळा लावून निघालो आणि बिनटिळ्याचा पोचलो. एसटीत बसलो की मार्गासनी यायच्या आत रुमालानं पुसून टाकायचो. ते शेंदरी रुमाल आई मुकाट्यानं धुवायची. विषय दोघांनीही कधी काढला नाही.

तर गेल्या वर्षी मी डोकं चालवलं. भोरला रंगाच्या दुकानात जाऊन शेंदरी ऑइल पेंटचा छोटा डबा मागितला.

"दाराला मारायचाय का ग्रीलला?" दुकानदारानं विचारलं.

"देवाला."

त्याला काहीच वाटलं नाही. "मग हा घ्या. पाच वर्षं बघायला नको," म्हणाला.

रविवारी दोन हात मारले. म्हसोबा असा चकाचक झाला, की मी फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. हात जोडलेली चित्रं धडाधड आली. शेंदरात शिसं असतं, ते हाताला लागणं बरं नव्हे, असं एक शास्त्रीय कारणही मी तयार ठेवलं होतं, पण कुणी विचारलंच नाही. आईला मोतीबिंदूमुळे देव धड दिसत नव्हता. ती लांबूनच हात जोडायची.

मग तिच्या ऑपरेशनचा दिवस ठरला. दोन वर्षं ती नाहीच म्हणत होती. एका डोळ्यानं जवळजवळ दिसेनासं झालं, दुसराही त्याच वाटेला लागला, तेव्हा कुठे कशीबशी तयार झाली. सकाळी अकराला पुण्यात पोचायचं होतं. भाड्याची गाडी रस्त्यावर उभी केली आणि आम्ही बांधावर गेलो. आईनं देवावर बोट टेकवलं. मग ते बोट डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा टेकवलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं. बोट कोरडंच.

"काय लावलंयस ह्याला?"

मी सांगितलं. शिशाचंही सांगितलं.

"मंग मी न्हाई येत," ती म्हणाली.

"घरात शेंदराची पुडी आहे, त्यातला लावतो."

"पुडीतलाच लावायचा तर हितवर कशाला आले आसते?"

एवढं बोलून ती बांधावर बसली. आमची आई रागावली की भांडत नाही, बसते. आणि तिला उठवणं अजून कुणाला जमलेलं नाही.

तिकडे गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मला खरंच भीती वाटली. आज टळलं तर ती पुन्हा तयार व्हायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. खिशातली मोटरसायकलची किल्ली काढली आणि इस्त्रीच्या पँटीनिशी मातीत गुडघे टेकून देवाचा रंग खरवडायला लागलो. रंग तेलकट थरावर नुसता वरवर बसला होता. एक टवका उडाला आणि दुधावरची साय निघावी तसा पापुद्रा उचलून आला. खाली जुना शेंदूर अजून मऊ होता. तो बहुतेक सगळा वडिलांच्या हातचा.

आईनं पुन्हा बोट टेकवलं. या वेळी ते शेंदरी होऊन आलं. कपाळाला लावून ती उठली आणि म्हणाली, "चल, किती उशीर केलास."

दवाखान्यात नर्स कापसाचा बोळा घेऊन आली. "आजी, कपाळ स्वच्छ करावं लागेल."

आता ही इथंही बसणार, म्हणून मी पुढे झालो. पण आई तिला म्हणाली, "थांब वाईच." मग मला म्हणाली, "खाली वाक."

मी वाकलो. तिनं स्वतःच्या कपाळावरचा शेंदूर बोटानं टिपला आणि माझ्या कपाळाला लावला.

"तू भाईर बसणार न्हवं? मी येस्तवर ऱ्हाऊ दे. पुसू नगं."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. तिला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो. पंखा बंद होता. घाम कपाळावरून भुवयांपर्यंत आला, तेव्हा मी रुमाल काढला आणि टिळ्याच्या कडेकडेनं, अगदी जपून टिपत राहिलो.