सरकीच्या टोपलीवर धावणारी जोडी

आमच्या गावात देवमनशी भांडलेला माणूस त्या वर्षी शोधून सापडला नसता. अठ्ठावन्न साली पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील, त्याची बायको पंचफुला तीन दिवसांच्या तापात गेली. चौथ्या दिवशी देवमन नेहमीच्या वेळेला खुशालरावांच्या गोठ्यात शेण काढायला हजर, आणि तेव्हापासून तो सगळ्यांना 'हो' म्हणू लागला.

"देवमन, पानी येईन का रे आज?"

"हो."

"आभाय तं मोकयं हाये."

"हो."

एका बांधाच्या तंट्यात दोन्ही बाजूंनी त्यालाच साक्षीदार म्हणून नेलं, आणि दोन्ही बाजू समाधानानं घरी आल्या. असा गुणी माणूस पंचायतीत हवा, असं नत्थुजी म्हणायचे. नत्थुजी म्हणजे खुशालरावांचे शेजारी. त्यांना गावातल्या प्रत्येक चाकाचं वंगण आणि प्रत्येक घरातलं भांडण ठाऊक असे.

देवमन खुशालरावांचा सालदार. साल संपलं की दुसरं साल, असं करता करता सोळा वर्षं झाली होती. पण त्याची खरी ओळख धुरकरी म्हणून. आमच्या वऱ्हाडात शंकरपट भरतो, त्यात दोन जोड्या शेजारी शेजारी उभ्या करतात, मध्ये दोरी, झेंडी पडली की सरळ रेषेत सुसाट. वळण नाही, फेरी नाही. नऊ-दहा सेकंदांत सगळं आटोपतं, आणि त्यासाठी माणसं वर्षभर बैलांना दूध-अंडी चारतात. रेंगीवर, म्हणजे हलक्या छोट्या गाडीवर, बसून बैल हाकणारा तो धुरकरी. बहुतेकांच्या हातात तुतारी असते, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. देवमनच्या हातात ती कधी कोणी पाहिली नव्हती.

जोडीतला एक पाखऱ्या आणि दुसरा तहसीलदार. मनात आलं तरच उठायचं, हा त्याचा स्वभाव पाहून ते नाव पडलं होतं. दोघांनाही देवमन आणि पंचफुलानं वासरं असल्यापासून वाढवलं. पोळ्याला पूजा मात्र मालकाची. पूर्वी त्या वेळी देवमनला बाजूला उभं राहावं लागायचं. छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आल्यावर तो आपणहून बाजूला उभा राहू लागला. जागा तीच, पण उभं राहणं वेगळं होतं. बैलांना त्यातलं काही कळलं नाही. पूजा झाली की ते त्याच्याकडेच मान वळवायचे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात खुशालराव लेकीच्या सासरी, मूर्तिजापूरच्या पुढे तीन कोसांवर, एका लग्नाला गेले. पंगतीत त्यांचे व्याही महादेवराव म्हणाले, "व्याही, बैल नांगराले धरत नाई, नुसते सरकी खातेत. जावई पोसले का जोडी?"

पंगत हसली. खुशालरावांनी हातातला घास खाली ठेवला. "औंदा तुमच्या गावच्या पटात नंबर नाई आला, तं जोडी तुमच्या दावणीले बांधून जातो."

पंगतीत, अन्नावर बसून, व्याह्याला दिलेला शब्द. तो परत घेता येत नाही. चाळीस माणसांनी तो बुंदीबरोबर गिळला. त्या वेळी पंचफुला होती. जोडी हरेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. पौष उजाडला तेव्हा देवमनकडे आपलं म्हणावं असं त्या दोन बैलांखेरीज काही उरलं नव्हतं, आणि बैल तर खुशालरावांचे.

आम्ही चौघं पटाला निघालो. मालक खुशालराव, धुरकरी देवमन, वंगणाला आणि बोलायला नत्थुजी, आणि शाळामास्तर म्हणून मी. मला नेण्याचं कारण माझं घड्याळ. गावात सेकंदकाटा असलेलं तेवढं एकच.

बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकाशी तहसीलदार बसला. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मागे कापसाच्या बंड्यांची रांग लागली, तरी हे बसलेलेच. मागचे लोक आमच्या सात पिढ्यांची चौकशी करू लागले. नत्थुजींनी त्याला हात जोडले, नंतर शिव्या दिल्या, नंतर पुन्हा हात जोडले. देवमन जाऊन त्याच्या शेजारी रस्त्यावर बसला. थोड्या वेळानं दोघंही उठले. कोणी कोणाची समजूत काढली, कोण जाणे.

पुढच्या मुक्कामी आस तापला. नत्थुजींनी रात्रीच्या भाजीचं तेल त्यात ओतलं आणि आम्ही कोरडी भाकर खाल्ली.

"वंगन महत्त्वाचं," नत्थुजी म्हणाले. "नाई का रे देवमन?"

"हो."

"तू जेवला का पन?"

"हो."

त्याची भाकर तशीच फडक्यात होती. मी ती पाहिली, आणि पाहिल्याचं दाखवलं नाही. त्या दिवसांत आम्ही सगळेच असं करत होतो.

पटावर पाच-सात हजार माणूस असेल. धूळ, भोंगा, उसाचा रस. प्रत्येक जोडीला दोन वेळा धावता येणार होतं, त्यातली चांगली वेळ धरायची. मी घड्याळ घेऊन शेवटच्या रेषेवर, पंचांशेजारी उभा राहिलो. बैल धरायला नत्थुजी तिथेच. मला काळजी नव्हती. गावच्या कोरड्या नाल्यात मी स्वतः साडेनऊ सेकंद मोजले होते, एकदा नाही, चारदा.

झेंडी पडली. आमची जोडी सुटली ती बाणासारखी. चाळीस-पन्नास हात गेली असेल, तोच तहसीलदारानं मान वर केली. समोर रेषेकडे पाहिलं. पाखऱ्यानंही पाहिलं. मग दोघांचे पाय सैल पडले. तेवढ्यात डाव्या बाजूला, प्रेक्षकांच्या कडेला लावलेल्या दोरीच्या अगदी जवळ, एक भजेवाली बाई मांडीवर टोपली घेऊन बसली होती. जोडी शांतपणे वळली, दोरी ओलांडली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. शेजारची जोडी केव्हाच पार झाली होती.

पटात हशा उसळला. भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "खुशालरावांची जोडी नाश्त्याले थांबली हाये."

भजेवाली बिचारी सरळ बाई. तिनं देवमनला विचारलं, "खातीन का बाप्पा? पन कांदा हाये याच्यात."

"हो," देवमन म्हणाला.

आम्ही धावत पोचलो. नत्थुजी चाकं चाचपू लागले. मी मात्र त्या टोपलीकडे पाहत राहिलो. मला नाला आठवला. नाल्याच्या टोकाला दर वेळी पंचफुला उभी असायची, कमरेवर भिजवलेल्या सरकीची टोपली. मागच्या प्रत्येक पटातही ती शिदोरी घेऊन यायची आणि शेवटच्या रेषेपलीकडे उभी राहायची. आम्ही समजायचो, बाई नवऱ्याला पाणी द्यायला उभी आहे. ती ओरडायची, "या रे पोट्टेहो, जेवून घ्या, थंडं होऊन राह्यलं." बैलांना जेवायला बोलावते म्हणून आम्ही हसायचो. सरकी कुठे थंड होते.

आम्ही दोन दिवसांच्या वाटेला दोर घेतले, जास्तीचं जू घेतलं, घड्याळाला किल्ली दिली. बैल कशासाठी धावतात, तेवढंच घरी राहिलं.

"देवमन," मी म्हणालो, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मंग बोलला काहून नाई बे?" नत्थुजी ओरडले.

देवमननं जरा विचार केला. "कोनं इचारलं नाई."

दुसऱ्या वेळेला खुशालरावांनी शेजारच्या धुरकऱ्याकडून तुतारी मागून आणली आणि देवमनच्या हातात दिली. "या डाव मार रे बाबू. एक डाव. तुही जोडी जाऊन राह्यली." देवमननं ती काठी लोकांची छत्री धरावी तशी धरली. मग परत मालकाच्या हातात ठेवली, कासरा नत्थुजींकडे दिला, म्हणाला, "धरा," आणि रेंगीतलं सरकीचं पोतं सोडून टोपली भरली.

मी पुन्हा घड्याळ घेऊन रेषेवर गेलो. तो चालत आला आणि शेवटच्या रेषेपलीकडे, माझ्यापासून चार हातांवर, उभा राहिला. ती उभी राहायची तसाच. टोपली कमरेला.

झेंडी पडली. जन्मात पटाची रेंगी न हाकलेले नत्थुजी देवाचं नाव घेत सुटले. बैलांना टोपली दिसली. काय धावले! पटाचा आवाज बंद झाला. निम्मं अंतर गेलं असेल नसेल, मी घड्याळात पाहिलं, साडेचार सेकंद. आता फक्त हाक हवी होती. देवमननं तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. आवाज आला नाही.

बैलांनी माणूस ओळखला. ही ती नव्हे, हे ओळखलं म्हणूनच पाय सैल सोडले असावेत. चालत आले, रेषा ओलांडली, टोपलीत तोंडं घातली. एकतीस सेकंद. पंचांनी वही मिटली. देवमन टोपली धरून उभा राहिला, ती रिकामी होईपर्यंत.

संध्याकाळी महादेवरावांच्या ओसरीवर महादेवरावच आधी बोलले. चांगला माणूस होता. "व्याही, ते गमतीतलं बोलनं. जोडी घेऊन जा तुमी."

"पंगतीत बोललो होतो," खुशालराव म्हणाले.

"मी इसरलो ना बाप्पा."

"चाळीस मानसं इसरतीन का?"

असा दोघांचा मान बराच वेळ इकडून तिकडे चालला. शेवटी खुशालरावांना सुटका हवी होती. मला अजूनही वाटतं, त्यांनी ती देवमनकडे मागितली. तो 'नाही' म्हणाला असता, तर सालदाराच्या मनासाठी शब्द मोडला, असं सांगता आलं असतं. ते ओसरीवरून खाली अंगणात आले. "काय रे देवमन? देऊन देऊ?"

"हो," देवमन म्हणाला.

महादेवरावांनी मान खाली घातली. मग खुशालरावांनीच दावी सोडली आणि व्याह्याच्या दावणीला बांधली.

महादेवरावांची बायको मैनाबाई सरकी घेऊन आली. बैल तिच्याकडे पाहीनात. देवमन तिच्याजवळ गेला, दोन हात अंतर ठेवून, आणि तिला हाक शिकवली. मोठ्यानं नाही. औषधाची पुडी कशी घ्यायची ते सांगतात तशी. "पयले पोट्टेहो म्हना. मंग जेवून घ्या. मंग थंडं होऊन राह्यलं." मैनाबाईनं तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा तहसीलदारानं कान हलवला. देवमन मागे सरकला.

बैल दिले, पण रेंगी आमची होती. व्याह्याची जोडी मागायला खुशालराव तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरपर्यंतचे तीन कोस रेंगी आम्ही ओढली. तिथून ती कोणाच्या तरी बंडीला बांधून धाडायची होती. जुवाखाली एका बाजूला देवमन, दुसऱ्या बाजूला खुशालराव. गावचा पाटीलकीचा माणूस आणि त्याचा सालदार एका जुवात. समोरून येणारे लोक थांबून पाहायचे. नत्थुजी मागून ढकलत होते, आणि कोणी विचारायच्या आत सांगत होते, "बैल सासरी राह्यले."

उतारावर रेंगी आपोआप पळू लागली. पुढच्या दोघांना धावणं भाग पडलं. खुशालरावांचा फेटा सुटला. देवमनच्या तोंडावर काहीच नव्हतं. उतार संपला तेव्हा तो पुन्हा चालू लागला, एवढंच.

पुढच्या वर्षी पौषात महादेवरावांची जोडी पटात दुसरी आल्याचं कळलं. खुशालरावांनी मला गोठ्यात बोलावलं आणि बातमी देवमनला सांगायला लावली. स्वतः बाजूला उभे राहिले. देवमन शेण भरत होता.

"सरकी भिजवून देते का बाई?" त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. खुशालरावांनी त्याच दिवशी माझ्याकडून व्याह्याला कार्ड लिहवून घेतलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. ते मी गोठ्यात वाचून दाखवलं: सर्व क्षेम, सरकी रात्रभर भिजवतो, वरून थोडं मीठ टाकतो, जोडी तब्येतीनं आहे.

देवमननं फावडं खाली ठेवलं.

"मीठ काहून?"

"चवीला असेल," मी म्हणालो.

"मीठ नाई टाकत. तिनं कधी मीठ नाई टाकलं. तहसीलदाराचं पोट फुगते मिठानं. कोनं सांगतलं त्याईले मीठ टाकाले?" त्याचा आवाज चढत गेला. नत्थुजी आवाज ऐकून आले आणि म्हणाले, चिमूटभर मिठानं काय होते, आमी बी टाकतो. तेव्हा देवमन त्यांच्यावर असा धावून गेला, की मला मध्ये पडावं लागलं. नत्थुजींच्या बैलांची, नत्थुजींच्या अकलेची आणि त्या वेळी आसात ओतलेल्या तेलाची त्यानं पंधरा मिनिटं नीट हजेरी घेतली. नत्थुजी कधी नव्हे ते गप्प ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन मूर्तिजापूरच्या वाटेला लागला, मिठाचं सांगायला. दोन मुक्कामांची वाट, पायी. कार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं, असं मी खुशालरावांना म्हणालो.

"जाऊ द्या, मास्तर," ते म्हणाले. "मी त्याले मुद्दामच इचारलं नाई, वापस कधी येतो म्हून."