वीस किलोंत न बसलेली चादर

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. अंगात आलेल्या माणसाला आधी थर्मामीटर लावा, असं मी सांगत असे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते... पण लाजेचं कारण भूत नाही, मी आहे.

गोष्ट १९७५च्या आसपासची. सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं दोन खोल्यांचं घर. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि अकरा महिने इंग्लंडात राहून आलो होतो. तेवढ्या भांडवलावर परदेशी जाणाऱ्यांचा सल्लागार झालो. रविवारी सकाळी लोक यायचे. मी टाय लावून बसायचो – खाली लेंगा. टाइप केलेली यादी द्यायचो, स्प्रिंगच्या काट्याला बॅग लटकवून सामान वीस किलोंत बसवून द्यायचो. शिक्षण अर्धवट टाकून परत का आलात, असं कुणी विचारलं तर "आईची तब्येत" म्हणायचो. आईची तब्येत ठणठणीत होती. मी थंडीला भिऊन पळून आलो होतो. कोट-बूट घालून अंथरुणात रडायचो.

पद्मा नर्सिंगच्या ट्रेनिंगला इंग्लंडला निघाली होती. तिचे वडील लक्ष्मय्या हातमागावर चादरी विणायचे. बॅग बावीस किलो भरली. मी वरची चादर बाहेर काढली. जाड, लाल-काळी, किनारीत पद्माचं नाव विणलेलं.

"ती ऱ्हाऊ द्या की सर. पोरीला थंडी लई बाधती."

"लक्ष्मय्या, तिथं घरं गरम असतात. लोक आत नुसत्या शर्टावर बसतात."

"नान्ना, सर राहून आलेत की तिथं," पद्मा वडिलांना म्हणाली. "तुमी कुटं गेलाव मोहोळच्या पुढं?"

लक्ष्मय्या हसले. चादरीची घडी घालून त्यांनी ती माझ्याच कॉटवर ठेवली. "मग तुमालाच असू द्या सर. एवढं केलाव तुमी."

पद्मा इंग्लंडला गेली. त्यानंतर शिवरात्रीच्या दुपारी भगर खाऊन मी कॉटवर आडवा झालो आणि ताडकन उठलो. पायथ्याशी ठेवलेली पद्माची चादर बर्फासारखी गार होती. आणि ओली.

"अहो, काय सांडलंत?" विमल, माझी बायको.

"काही नाही."

"मग पिळल्यावर हे पाणी कुठलं?"

छत कोरडं, माठ स्वयंपाकघरात. चादर गच्चीवर टाकली. शेजारची लुगडी तासाभरात वाळून कडक झाली. चादर संध्याकाळपर्यंत ठिबकत होती. असं तीन दिवस. तिला एक वास होता – दमट भिंतीचा, गॅसच्या शेगडीचा. इंग्लंडातल्या माझ्या खोलीचा. विमलला मी सांगितलं, "जाड सुतात ओल टिकते." चौथ्या दिवशी चादर कोरडी ठणठणीत.

तीनेक आठवड्यांनी लक्ष्मय्या पद्माचं पत्र घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं. "शेजारची बाई वाचती, पर म्हणलं सरांकडनंच ऐकू."

पत्रात होतं – नान्ना, शिवरात्रीला खोलीतला पाइप फुटून अंथरूण भिजलं. तीन दिवस ओल्यातच काढले, मग तापात दवाखान्यात नेलं. आता बरी आहे. इथं खोल्या फार गार असतात, चादर आणायला हवी होती. हे पत्र सरांकडून वाचून घेऊ नका. त्यांना वाईट वाटेल.

मी मोठ्यानं वाचलं, "नान्ना, थोडा ताप आला होता. आता बरी आहे."

"एवढंच? पान तर भरलंय की."

"बाकी अभ्यासाचं आहे."

पत्राची घडी घालत मी म्हणालो, "चादर पार्सलनं पाठवू या का?"

"कशाला सर? तितं घरं गरम असत्यात म्हणलाव की तुमी."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच पोस्टात गेलो आणि चादर पाठवली. पाठवणाऱ्याच्या जागी लक्ष्मय्यांचं नाव घातलं.

ती चादर सोलापुरात कशी भिजली, याचा मी पुष्कळ विचार केला. काही हाती लागलं नाही. माझ्या यादीत आता पहिलीच ओळ आहे: पांघरूण घरचं न्या. का, ते मी कुणाला सांगत नाही.

महिन्याभरानं लक्ष्मय्या नवं पत्र घेऊन आले. पहिलीच ओळ होती – नान्ना, चादर मिळाली.

तीही मी गाळली.