काळजाची धडधड, मिक्सरच्या खोक्यात

चांगली वस्तू कतारमध्ये वापरायची नसते, ती गावाला पाठवायची असते. हा आमच्या घरातला कायदा. दोह्यात आम्ही दांडा तुटलेल्या कपातून चहा प्यायचो आणि रत्नागिरीच्या कपाटात चार डिनर सेट धूळ खायचे. या कायद्याने माझी नोकरी खाल्ली.

मोबाईलला कॅमेरे यायच्या आधीची गोष्ट. मी एका कोरियन कंपनीत क्लार्क होतो. काम संपत आलेलं. साहेब नव्या साईटवर एकच माणूस नेणार होते, बाकीच्यांचा व्हिसा खलास. साहेबांची बायको कोरियन अक्षरांची चित्रं काढायची. त्यातलं एक तिने मला भेट दिलं होतं. शब्द होता ‘दुगुन-दुगुन’, म्हणजे आपली काळजाची धडधड. काड्या, काटकोन, अर्धे चौकोन लहानमोठे होत कागदभर उसळत होते. (बघताना मलाही धडधडायचं. पुढे तर कायमचंच.)

एके दिवशी साहेब म्हणाले, “मॅडमचं प्रदर्शन आहे. गुरुवारी ते चित्र घेऊन ये.”

घरी गेलो. हमिदा कोलंबी सोलत होती.

“भिंतीवरचं चित्र कुठंय?”

“कार्गोत घातलं. मिक्सरच्या खोक्यात, तुमच्या बहिणीच्या हॉलसाठी.”

“मला न विचारता?”

“मिक्सर पाठवताना विचारलं होतं का? एवढं छान चित्र भाड्याच्या भिंतीवर कशाला?”

पोरांची शाळा, अल मुंतझातला फ्लॅट, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

“खरं सांगून टाका,” हमिदा म्हणाली.

खरं? ज्याच्या हातात माझा व्हिसा, त्याला सांगू की बायकोची कला मिक्सरला टेकू म्हणून गेली?

ईदचा एक फोटो होता, त्या चित्रासमोर काढलेला. तो घेऊन कंपनीच्या कॅम्पात शिंदे पेंटरकडे गेलो. साताऱ्याचा माणूस, गावाकडे ट्रक रंगवायचा, इथे ‘धोका’चे बोर्ड. फोटोत अर्ध्या चित्रापुढे हमिदाचं डोकं होतं.

“वहिनींच्या मागं काय हाय?”

“माहीत नाही. पण अर्थ काळीज धडधडतं असा आहे.”

“मग सोडा माझ्यावर.”

गुरुवारी सकाळी चित्र बघायला गेलो. डावीकडे अक्षरं बरी होती. उजवीकडे बाण घुसलेला लालभडक बदाम, त्यातून ठिबकणारं रक्त, भोवती गुलाब.

“शिंदे, हे काय केलंस?”

“नुसतंच मोकळं दिसत हुतं, सायेब.”

दुसरं काढायला वेळ नव्हता. पेपरात गुंडाळून साहेबांच्या घरी नेलं. म्हटलं, घाईत मॅडम उघडायची नाही. तिने दारातच उघडलं. बराच वेळ बघत राहिली.

“हे माझं आहे?”

“हो मॅडम,” मी म्हणालो. (या ‘हो’ची मला आजही लाज वाटते.)

तिने कोपऱ्यात बोट ठेवलं. ट्रकवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे शिंदेने खाली झोकात सही ठोकली होती, इंग्रजीत, कॅम्पच्या खोली नंबरासकट! मग मी सगळं ओकलो, मिक्सरपासून. मॅडम हसून हसून खाली बसली. मागे उभे असलेले साहेब अजिबात हसले नाहीत.

नव्या साईटवर शिंदे गेला. मॅडमचाच हट्ट, तिला त्याच्याकडून तो बदाम शिकायचा होता. आम्ही सामान बांधलं. निघायच्या दिवशी शिंदे येऊन चक्क माझ्या पाया पडला.

“तुमच्यामुळं माझं नशीब उघडलं, सायेब. आता तुमचं बी उघडंल.”

“माझ्याकडे एकच होतं, शिंदे,” मी म्हणालो, “ते तुलाच दिलं.”