नागोराव भेटायला येतात

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत निवांत आजारी पडण्याची सोय नव्हती, कारण दुसऱ्या मजल्यावर नागोराव राहत होते.

नागोराव मूळचे वाशीमकडचे. पंचायत समितीतून निवृत्त झाले आणि मुलगा शंभू हिंजवडीला कंपनीत लागला म्हणून पुण्यात आले. येताना दोन ट्रंका, एक स्टीलचा थर्मास आणि गावाकडची एक पक्की समजूत घेऊन आले: माणूस आजारी पडला की त्याला भेटायला जायचंच. लग्नाला नाही गेलं तर चालतं, आजारपणात नाही गेलं तर संबंध संपला.

आता पुण्यात कुणाकडे जायचं तर माणूस आधी फोन करतो, आणि फोनवरच काम झालं तर जातच नाही. नागोराव फोनबिन करत नसत. कुणी शिंकलं की तासाभरात थर्मासात गवती चहा आणि हातात दोन मोसंबी घेऊन दारात हजर. पलंगाच्या अगदी कडेला बसायचे, रोग्याचा हात हातात घ्यायचे आणि वाशीमकडे कुणाकुणाला हेच दुखणं झालं होतं नि त्यातले कोण कोण गेले, ते सविस्तर सांगायचे. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते अकरा वेळा आले. बाराव्या वेळी मी त्यांना चालून दाखवलं.

मग २००९चा ऑगस्ट उजाडला आणि शहरात स्वाइन फ्लू आला. शाळा बंद, मॉल बंद, औषधाच्या दुकानात मास्क मिळेनात. आमची मंडळी रुमालात कापूर आणि वेलदोडे बांधून हुंगत फिरू लागली. पहिले चार दिवस तोंडाला रुमाल बांधणाऱ्याला लोक हसत होते, पाचव्या दिवसापासून न बांधणाऱ्याला. सोसायटीच्या आवारात शिरताना मात्र रुमाल खिशात जायचा. आवारात रुमाल बांधणं म्हणजे शेजाऱ्यावर संशय घेणं, आणि तेवढी सभ्यता आम्ही पाळत होतो.

शेजारच्या इमारतीत एका घरात लागण झाली. त्यांच्या बाईने काम सोडलं, दूधवाला पिशवी लांबूनच फाटकाला अडकवू लागला, आणि ते लोक गॅलरीत आले की समोरच्या खिडक्या बंद व्हायच्या. हे बघून आम्ही शहाणे झालो. म्हणजे ताप लपवायला शिकलो.

नागोरावांचा उत्साह कायम होता. पण त्यांची सून उत्कर्षा तेव्हा सातव्या महिन्यात होती. ती अस्सल पुण्याची मुलगी. ती म्हणाली, "बाबा, आता प्लीज कुणाकडे जाऊ नका. अशा दिवसांत हा फ्लू फार त्रास देतो म्हणे."

"नाही गेलो त लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणतील, सुटलो!"

नागोरावांनी थर्मास फळीवर ठेवून दिला. ही हकिकत शंभूने हसत हसत साऱ्या सोसायटीला सांगितली, आणि आम्हीही मनापासून हसलो.

त्याच आठवड्यात मला ताप आला. मी कुणाला कळू दिलं नाही. खोकला वर नागोरावांना ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठ्याने लावायचो. सकाळी दूध आणायला रोजच्यासारखा खाली जायचो, कारण नाही गेलो तर चर्चा झाली असती. तिसऱ्या दिवशी जिन्यात उत्कर्षा भेटली. मी तिची भाजीची पिशवी घेतली आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत तिची विचारपूस करत गेलो. रुमाल अर्थातच खिशात होता.

चार दिवसांनी उत्कर्षाला ताप भरला.

शंभूचं म्हणणं होतं, गाजावाजा नको, मागच्या फाटकाने गुपचूप नेऊ. नागोरावांनी ऐकलं नाही. संध्याकाळी आम्ही सगळे ज्येष्ठ आवारातल्या बाकावर बसलेले असताना त्यांनी रिक्षा पुढच्या फाटकाशी उभी केली, सुनेला बसवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माह्या सुनेले ताप हाये. तपासाले नेऊन रायलो. कोणी भेटाले येऊ नका, हात जोडतो. अन् तुमच्यात कोणाले ताप असन त लपवू नका. घरीच राहा."

रिक्षा गेली. मग तळमजल्यावरच्या आनंदीबाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना कालपासून आहे." चौथ्या मजल्यावरचे रावसाहेब म्हणाले, "मलाही होता." रात्रीच्या जेवणापर्यंत सात घरं निघाली. आठवं माझं होतं, आणि मी गप्प बसलो.

उत्कर्षा सहा दिवस दवाखान्यात होती. आत कुणाला सोडत नसत. नागोराव रोज थर्मास भरून नेत आणि फाटकाबाहेर उभे राहून परत येत. ते सहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. वेळेवर नेलं म्हणून पोरगी वाचली, असं डॉक्टर म्हणाले. ती रिक्षातून उतरताना दिसली तेव्हा मी खिडकीत उभा राहून लहान मुलासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो आणि दारातूनच सांगितलं, "नागोराव, तो ताप बहुतेक माझ्याकडून गेला."

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "रेडिओच्या आडून खोकत होते तुम्ही. तीन दिवस थर्मास भरला अन् तीन दिवस रिकामा केला."

"मग आला का नाहीत?"

"तुम्ही सारे 'सुटलो' म्हणता म्हणून नाही आलो. आलो असतो त तुम्हाले खाली उतरू देलं असतं का?"

मी हात जोडून 'चुकलो' म्हणालो. पुण्यात इतकी वर्षं काढून पहिल्यांदाच.

उत्कर्षाला मुलगी झाली. नेमकी बारशाच्या आदल्या दिवशी मला सर्दी झाली. मी दुसऱ्या मजल्यावर फोन केला. "नागोराव, शिंका सुरू झाल्यात. उद्या येत नाही."

दहा मिनिटांत बेल वाजली. दार उघडलं तर उंबऱ्यावर थर्मास आणि दोन मोसंबी. स्वतः नागोराव वरच्या वळणावर, जिन्याच्या पायरीवर, तोंडाला रुमाल बांधून बसले होते.

"इथूनच भेटतो," ते म्हणाले, आणि वाशीमला कुणाला तरी आधी नुसती सर्दीच झाली होती, तिथून त्यांनी सुरुवात केली. मी खुर्ची दाराशी ओढली आणि शेवटपर्यंत ऐकलं.