भाऊजी, बँड आणि माझं पत्रक

एक विचारतो, खरं सांगा. शेजारचा क्लॅरोनेटवाला आजारी पडला म्हणून आपल्या कादंबरीतल्या खलनायकाला खोकला लावणारा लेखक तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. अख्ख्या वऱ्हाडात, आणि हवं तर नव्याने झालेल्या सगळ्या महाराष्ट्रात शोधा, इतका परावलंबी लेखक दुसरा सापडायचा नाही. मी पत्रकं वाचून वाढलेला माणूस. लेखन अन्याय पाहिला की येतं, असं मी मानत आलो. भाऊजींचं लेखन भिंतीपलीकडून यायचं.

खामगावात त्यांच्या घराला लागून पत्र्याचं एक गोदाम आहे. तिथे पूर्वी कापसाच्या गाठी असत, नंतर लग्नात वाजवणाऱ्या एका बँडची तालीम सुरू झाली. रोज सकाळी, भाऊजी तहसील कचेरीत कामावर निघण्याआधी दोन तास. पलीकडे पहिला ढोल वाजला की हे टाक दौतीत बुडवत आणि तालीम थांबली की वाक्य असेल तिथे सोडून देत. ‘ती म्हणाली, मी तुम्हाला’ एवढं वाक्य त्यांच्या वहीत चार दिवस तसंच पडून होतं, कारण बँड मलकापूरला लग्नात होता. ताई म्हणायची, “यायले भाजीत मीठ नसलं तं समजत नाही, पण ढोलवाला जरासा चुकला तं घास खाली ठेवतेत.”

अडचण एवढीच, की बँडला येत होत्या फक्त वरातीच्या चाली. कादंबरीत नायिकेचा बाप मरायचा होता. तो मेलाही. पण जमलेल्या नातेवाइकांपैकी एकजणही रडायला तयार होईना. भाऊजींनी दोन सकाळी खटपट केली आणि तिसऱ्या सकाळी म्हातारा तिरडीवरून उठून बसला व त्याने चहा मागितला. मी चिडलो. म्हणालो, “भाऊजी, हा वास्तववाद नाही.” ते शांतपणे म्हणाले, “साळेबुवा, ढोल सुरू असताना माणूस मारणं तुमच्या तत्त्वात बसते काय?”

कचेरीचे कागदही यातून सुटले नाहीत. एका पुलाला तडा गेल्याचा अहवाल त्यांनी घरी आणून तालमीच्या वेळी लिहिला. सरकारी मराठी तेव्हा नवीनच होती, तिला कसंही वळवता येई. तो वाचून साहेबांना वाटलं पुलाचं उद्घाटन आहे. ते कोट घालून, फेटेवाला शिपाई बरोबर घेऊन पुलावर हजर झाले.

आता माझी करणी सांगतो. मी ताईकडेच राहतो, आणि आमच्या गल्लीत कापसाच्या जिनिंग कारखान्यात रातपाळी करणारे कामगार राहतात. ते पहाटे घरी येऊन अंग टाकत आणि तेवढ्यात बँड सुरू होई. हे मला सहन होईना. एके सकाळी भाऊजींच्याच टेबलाशी बसून मी पत्रक लिहिलं: झोप हा कामगाराचा हक्क आहे. असं झणझणीत मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. भाऊजींनी ते उभ्याउभ्या वाचलं. वाचताना त्यांचा पाय हलत होता.

“फर्मास. आधी ताशा, मग ढोल. कुठं बसून लिवलं?”

“इथंच, आत्ता.”

“मंग बरोबर.” आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी सही केली. मी म्हणालो, तुमच्या कादंबरीचं काय? ते म्हणाले, “त्यायची झोप खरी हाय. माह्यी माणसं कागदावरची.”

गल्लीने सह्या केल्या, गोदामाच्या मालकाने पत्रक वाचलं, आणि आठ दिवसांत बँड सगळं सामान घेऊन नांदुऱ्याला गेला.

तेव्हापासून भाऊजी शेवटच्या अध्यायात अडकले आहेत. नायिका जलंब स्टेशनच्या फलाटावर उभी आहे, गाडी आलेली आहे, आणि तिने बसायचं की नाही हे सुचत नाही. ते रोज सकाळी टाक घेऊन बसतात, कचेरीची वेळ झाली की उठतात. ताई मला वाढते, पण बघत नाही. ज्याच्या झोपेसाठी मी भांडलो तो शेजारचा कामगार म्हणाला, “ढोल आयकला की घरी आलो असं वाटे. आता नुसता पडून राह्यतो बे.”

मी नांदुऱ्याला गेलो. बँडमास्तरने क्लॅरोनेटच्या पेटीतून माझं पत्रक काढलं. “लय जबरी लिवलं बाप्पा. मी दोनदा वाचून घेतलं.” मी परत चला म्हणालो. त्याने घडी नीट घातली. “तुमच्या एकट्याच्या म्हणण्यानं कसा येऊ? सह्या तं साऱ्या गल्लीच्या हायेत. सारी गल्ली बलावंल तं येतो.” त्याचं काही चुकत नव्हतं.

भाऊजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दौतीचं झाकण लावलं. “राहू द्या साळेबुवा. तिले कुठं घाई हाय? गाडी मीच थांबवून ठेवली हाय.” ते हसले. मी त्यांच्याच टेबलाशी बसून दुसरा कागद लिहायला घेतला.

तेव्हा वाचकहो, आपल्या जिल्ह्यात खामगावात कोणी नातलग नाही असा माणूस विरळा. या गोदामाच्या गल्लीत तुमचं कोणी असेल, तर आजच त्याला एक पोस्टकार्ड टाका: बँडला बोलावण्याच्या कागदावर सही कर. कागद माझ्या ताईपाशी ठेवला आहे. त्यातला मजकूर फिका आहे, मला ठाऊक आहे. तो शांततेत लिहावा लागला. म्हणून सह्या तरी दाट होऊ द्या.